झबल्यापासून वाकळीपर्यंत: लेकीचे कपडे घरी शिवणं आणि जपणं

लेकीसाठी आपल्या हातचं काहीतरी शिवावं असं वाटतं, पण मशीनचं झाकण उघडायला हात धजत नाही, अशा आयांसाठी हे लिहिते आहे. शिवणक्लास केलेला नसला तरी चालेल. सरळ टीप मारता आली, टेप वाचता आली आणि चूक झाली तर उसवायची तयारी असली, की लहान मुलीचे बहुतेक कपडे जमतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आठवण म्हणून ठेवायला कपडा शिवू नका, घालायला शिवा. पेटीत जायचं म्हणून शिवलेला जरीचा फ्रॉक पोरगी एकदा घालते, टोचतो म्हणून रडते आणि तो तसाच कोरा राहतो. पुढं त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं, ढोपराशी ठिगळ लावलेलं, दोनदा लांबी वाढवलेलंच नंतर हातात घेऊन बसावंसं वाटतं.

काय शिवायचं, काय विकत घ्यायचं

घरी शिवण्यासारखं: झबली, लंगोट, दुपटी, कुंची, साधे फ्रॉक, परकर-पोलकं, रात्रीचे सुती कपडे. विकत घेण्यासारखं: बनियन, मोजे, स्वेटर आणि शाळेचा गणवेश. गणवेश शिवणं हा आपल्या सोलापूरचा धंदाच आहे. इथले कारखाने ज्या सफाईनं आणि ज्या भावात तो देतात, त्यात आपण उगाच डोकं घालू नये.

सामान थोडंच लागतं. पायमशीन असेल तर उत्तम, जुनी चालू स्थितीतली मिळाली तर नवीनच घ्यायचा हट्ट नको. सुई मलमल-वॉइलसाठी ११ नंबरची, पॉपलीन-कॅम्ब्रिकसाठी १४, टॉवेलसारख्या जाड कापडाला १६. एक कात्री फक्त कापडासाठी ठेवा आणि घरात तसं जाहीर करा, नाहीतर तिनं दुधाच्या पिशव्या कापल्या जातात. टेप, खडू, टाचण्या, उसवणी, ब्राउन पेपर. दोरा चांगला घ्या. स्वस्त दोरा टिपेत तुटतो आणि नवशिकीला वाटतं आपल्यालाच येत नाही.

कापड निवडताना

नवी पेठ, मधला मारुती, फलटण गल्ली या पट्ट्यात फिरलात की हवं ते मिळतं. पहिल्यांदा जाताना कटपिसांपासून सुरुवात करा. बाळाच्या झबल्याला अर्धा मीटर पुरतो, तेवढ्यासाठी ताग्यातलं कापड कशाला? मात्र कटपिसात भेसळ असते. शंका आली तर कडेचे चार धागे काढून घरी जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटात चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिएस्टरचं अस्तर घातलेलं बाळ घामोळ्यांनी भरून जातं. अस्तरसुद्धा सुतीच.

नवजात बाळाला मलमल किंवा धुतलेली जुनी सुती साडी. चालत्या मुलीच्या फ्रॉकला कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन. रुबिया मऊ असते, पण घेताना त्यात मिश्रण नाही ना ते विचारा. मांजरपाट मात्र घरात दोन-तीन मीटर कायम असू द्या: नमुना कापून बघायला, नावाच्या पट्ट्यांना आणि शेवटी कपडे गुंडाळून ठेवायलाही तोच लागतो.

आणलेलं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा, मग इस्त्री करून कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. २० इंचांच्या फ्रॉकचा एक इंच इथेच जातो.

मग ताणा-बाणा, म्हणजे कापडाचे उभे-आडवे धागे, बघा. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक अक्का आहेत, घरात मागाचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्या कापड हातात घेऊन दोन्हीकडून ओढतात आणि लगेच सांगतात, ‘कमी ताणतोय ना, तो ताणा. तो उभा ठेव.’ तेवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. फ्रॉकची उंची ताण्याच्या दिशेनं धरा. आडवं-तिडवं कापलेलं कापड दोन धुण्यांनंतर एका बाजूला लोंबतं आणि ते मग कशानं सरळ होत नाही.

आजीची साडी वापरायची असेल तर ती उजेडासमोर धरा. निऱ्या खोचायची जागा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, पदराजवळचा आणि काठालगतचा भाग दणकट असतो. इरकलीचा पदर आणि काठ वेगळे काढून ठेवा, ते पोलक्याच्या बाहीला आणि परकराच्या घेराला लावता येतात. आणि कात्री लावण्यापूर्वी आजींना विचारा. ‘घे की, तुझीच आहे’ असं म्हणाल्या तरी साडी तशी द्यायला आणि कापायला द्यायला फरक असतो.

पहिला कपडा: झबलं

जन्मताना बाळाची छाती साधारण १३ इंच असते, तीन-चार महिन्यांत ती १६ च्या आसपास जाते. म्हणून माप १६ चंच धरा. सैल झबलं बाळाला त्रास देत नाही, घट्ट झबलं आईला देतं.

ब्राउन पेपरवर पुढच्या भागाचा खाका काढा, कागदाची डावी कड म्हणजे कापडाची घडी समजा. छाती १६, त्यात सैलपणाचे ४ मिळवले की २०, त्याचा चौथा भाग ५ इंच. ही घडीपासूनची रुंदी. मुंढ्याची, म्हणजे हात घालायच्या वळणाची, खोली ४ इंच. गळ्याची रुंदी घडीपासून दीड इंच, पुढचा गळा पावणेदोन इंच खोल, मागचा पाऊण. तीरा, म्हणजे खांद्याची रुंदी, घडीपासून साडेतीन इंच. उंची १२. खाली घेर हवा म्हणून तळाशी रुंदी ५ ऐवजी साडेसहा करून बगलेपासून तिरकी रेघ मारा. या रेघांच्या बाहेर सगळीकडे अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, सोडा, तळाला मुडपायला एक इंच. गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लागणार असल्यामुळे तिथे माया नको.

मागचा भाग याच खाक्यावरून, पण दोन तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा मध्यावर दीड इंच जास्त. बाळाचं डोकं छातीच्या मानानं मोठं असतं, डोक्यातून घालायचा कपडा दोघींना रडवतो. मागून पूर्ण उघडणारं झबलं बाळाला पुढून चढवता येतं.

शिवण्याचा क्रम असा: आधी तीरे जोडा, मग मागच्या उभ्या कडा मुडपा, मग गळ्याला आणि मुंढ्याला उरेब पट्टी, मग बगला, शेवटी तळ. उरेब पट्टी म्हणजे कापडावर ४५ अंशात तिरकी कापलेली सव्वा इंची पट्टी. ती ताणते, म्हणून वळणावर बसते. सरळ पट्टी गळ्याला लावाल तर चुण्या पडतील.

बंद कापडाचे करा, मागच्या बाजूला, ५-६ इंचांपेक्षा लांब नकोत. लांब नाड्या गळ्याभोवती गुंडाळण्याची भीती असते. बटणं पहिल्या वर्षात नकोतच, निघालं की थेट तोंडात जातं. मणी, टिकल्या, नायलॉनची लेस हीही त्याच यादीत. हौस असेल तर पुढच्या बाजूला साखळी टाक्याचं एखादं फूल काढा आणि त्याच्या मागे मलमलचा तुकडा लावा, म्हणजे दोऱ्याच्या गाठी अंगाला लागणार नाहीत. पहिल्या महिन्याची झबली मी तर शिवण बाहेर ठेवूनच शिवायला सांगते. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्या आत्या-मावश्या टोकतील, टोकू द्या.

बाळाला पहिलं अंगडं जुनं घालायची आपल्याकडची रीत आहे. कारण कुणी काहीही सांगो, अनेकदा धुतलेलं कापड त्या नाजूक कातडीला बरं, एवढं खरं. नवीन झबलीही दोनदा धुतल्याशिवाय घालू नका.

झबल्यांच्या जोडीला एक टोपीचा टॉवेल करून टाका. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि तो गल्लीच्या तोंडाशी मिळतो. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल घेऊन त्यातून ३० इंचांचा चौकोन कापा. उरलेल्या भागातून १२ इंच बाजूचा काटकोनी त्रिकोण कापून चौकोनाच्या एका कोपऱ्यावर टाचा आणि कडेनं उरेब पट्टी फिरवा. टॉवेल कापला की दोऱ्यांचा कचरा घरभर उडतो, म्हणून हे काम झाडू मारण्याआधी.

वाढणाऱ्या मुलीचा फ्रॉक

इथं सावकाश वाचा. झबलं कुणीही शिवेल, पण दोन उन्हाळे चालणारा फ्रॉक आधीपासून विचार करून कापावा लागतो.

दोन वर्षांनंतर मुली वर्षाला साधारण ६ ते ८ सेंटिमीटर, म्हणजे अडीच-तीन इंच वाढतात. छाती त्या मानानं हळू वाढते. म्हणून रुंदीत थोडी आणि उंचीत भरपूर सोय ठेवायची.

तीन वर्षांच्या मुलीचं उदाहरण घेते. मापं मुलगी उभी असताना घ्या. ती उभी राहत नसेल, आणि ती राहणार नाहीच, तर तिला नीट बसणारा एखादा फ्रॉक सपाट पसरून त्याची मापं घ्या. छाती २१ धरू. सैलपणाचे ३ मिळवून २४, चौथा भाग ६ इंच. बगलेला माया नेहमीसारखी अर्धा इंच न सोडता पूर्ण एक इंच सोडा. मुंढा साडेपाच, तीरा साडेचार, गळ्याची रुंदी २, पुढची खोली सव्वादोन, मागची १. योकची, म्हणजे घेराच्या वरच्या छातीच्या भागाची, उंची साडेसहा, तळाला शिवणीसाठी अर्धा इंच जास्त. पाठीमागे उघडणारा असेल तर मागचे दोन तुकडे मध्यावर दीड-दीड इंच वाढवून कापा.

आता घेर. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत २१ इंच उंची हवी, त्यातले साडेसहा योकचे. राहिले साडेचौदा. त्यात खालच्या मुडपणीचे ३ इंच, दोन आडव्या चुण्यांचे २ इंच आणि वरच्या शिवणीचा अर्धा मिळवा. झाले २० इंच. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाचे असे दोन पन्हे जोडले की ७२ इंच घेर होतो, म्हणजे योकच्या तिप्पट. मलमल-वॉइलला हा घेर शोभतो. पॉपलीनला दीड पन्हा पुरे, नाहीतर कंबरेशी गठ्ठा होतो. एकूण कापड दीड मीटर, छोट्या बाह्यांसह.

त्या दोन आडव्या चुण्या म्हणजे पूर्ण घेराभोवती घातलेल्या अर्धा-अर्धा इंच खोल घड्या, खालच्या मुडपणीच्या वर एक-एक इंच अंतरावर. बघणाऱ्याला नक्षी वाटते. पण प्रत्येक चुणीत एक इंच कापड लपलेलं असतं. या चुण्या लांब टाक्यांनी शिवा, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. पुढच्या वर्षी खालची चुणी उसवा, एक इंच मिळाला. मग वरची, आणखी एक. मग मुडपणीतले दोन. एकूण चार इंच. बगलेच्या एक इंच मायेतला अर्धा-अर्धा इंच चारही कडांना सोडला की छातीत दोन इंच वाढतात. दीडेक वर्ष आरामात निघतं, त्यापुढं तो फ्रॉक पायजम्यावर झगा म्हणून चालतो.

उसवलेल्या जागी गडद रेघ राहते, कारण घडीतलं कापड उन्हानं फिकं झालेलं नसतं. सोलापूरच्या उन्हात तर ती ठसठशीत दिसते. तिच्यावर रंगीत दोऱ्यानं धावदोरा घाला किंवा बारीक लेस लावा. रेघ घालवायचा आटापिटा करू नका. कुठल्या वर्षी फ्रॉक कुठवर होता, हे तीच सांगते.

आतल्या शिवणी सुटे धागे बंद करून घ्या. इंटरलॉकला, म्हणजे मशीनवर कडा गुंफायला, बाहेर द्यायचं नसेल तर सोपा मार्ग आहे: कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली टीप पाव इंचावर मारा, धागे कातरा, कापड पलटून सुलट्या बाजू आत घ्या आणि पाव इंचापेक्षा किंचित जास्त अंतरावर दुसरी टीप मारा. सगळे धागे आत कैद होतात. बगलेला मात्र ही शिवण नको, तिथली माया आपल्याला पुढं सोडायची आहे. तिथं कडा नुसत्या मुडपून टिपा.

खिसा ठेवा. मुलींच्या विकतच्या फ्रॉकला खिसा का नसतो देव जाणे. दगड, चिंचोके, बसचं तिकीट, अर्धी खाल्लेली शेंगाची चिक्की असं सगळं त्यात सापडतं.

परकर-पोलकं आणि बाराबंदी

खणाच्या परकर-पोलक्यावर फार लिहीत नाही. खणाचा पन्हा कमी असतो, तो दुकानात मोजूनच कापड घ्या. परकर म्हणजे सरळ पट्टी, वर नेफा, त्यात इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही. नुसतं इलॅस्टिक जड कापडाखाली घसरतं. पोलक्याला आतून मलमलचं अस्तर हवंच, खणाची उलटी बाजू टोचते. बोरनहाणाचं काळं झबलंही वरच्याच खाक्यावर होतं. हलव्याचे दागिने मात्र कपड्यावर टाचू नका, वेगळ्या दोऱ्यात ओवा. साखर कापडात विरघळली की मुंग्या लागतात.

बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, त्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सातही नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा सगळा रस्ता पांढऱ्या बाराबंदीनं भरून जातो. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरंही त्याच वेशात. आमच्या लेकीनं ‘मला का नाही?’ विचारलं. घरातल्या मोठ्यांनी ‘पोरींना कुठं असते’ म्हटलं. मी कापड आणलं.

पांढरं पॉपलीन किंवा धुतलेला मांजरपाट घ्या. पाठ एक तुकडा, पुढचे दोन, आणि दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर पुरते चढतील एवढे रुंद, म्हणजे फ्रॉकच्या पुढच्या भागापेक्षा प्रत्येकी चार इंच जास्त. बाह्या लांब आणि सरळ, मुंढ्याखाली चौकोनी कळी घातली की हात वर करताना ओढ बसत नाही. बंदांसाठी सव्वा इंच रुंद, ८ इंच लांब पट्ट्या चार पदरी दुमडून टिपा. मुलं बंद ओढतात, म्हणून प्रत्येक बंद शिवणीत घालून त्यावर दोनदा टीप मारा. गळ्यापाशी बंद नको, पहिला छातीवर. आणि गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या जत्रेच्या, दिवसांतल्या संध्याकाळच्या गारठ्याचा विचार करून माप आत स्वेटर बसेल असं घ्या.

नाव, तारीख आणि वही

शिवून झाल्यावर दहा मिनिटांचं काम असतं ते, आणि बहुतेक जणी तेच ‘नंतर’वर टाकतात. मांजरपाटाची २ बाय १ इंचाची पट्टी घ्या, तिच्यावर पेन्सिलीनं मुलीचं नाव, महिना-वर्ष आणि त्या वेळची उंची लिहा, आणि उलट टाक्यानं भरा. बॉलपेननं लिहिलेलं धुण्यात पसरतं. ही पट्टी आतून, डाव्या बगलेच्या खाली शिवा. सगळ्या कपड्यांना एकाच जागी. पुढं शोधायला सोपं जातं.

वही साधी घ्या, रेघांची. प्रत्येक कपड्याला एक पान. कापडाचा दोन इंची तुकडा पानाला दोऱ्यानं टाचा, स्टेपलर नको, पिना गंजतात. डिंकही नको, त्याला कसर लागते. पानावर कापड कुठून आणलं, किती लागलं, काय बदललं हे शिवणाऱ्या बाईसाठी. आणि त्याखाली चार ओळी लेकीसाठी: तो फ्रॉक घालून कुठं गेली, काय म्हणाली. तिचे शब्द तिच्याच उच्चारात लिहा. ‘खूप गोड दिसत होती’ हे लिहू नका, ते प्रत्येक आई लिहिते. ‘खिशात भाकरीचा तुकडा ठेवून झोपली’ हे लिहा.

फोटो दरवर्षी एकाच जागी काढा, दाराच्या चौकटीशी किंवा जिन्याच्या त्याच पायरीवर, आणि फोनमध्ये ठेवून विसरू नका. वर्षातून चार-पाच कागदावर छापून घ्या. फोन हरवतात.

माझी सगळ्यांत आवडती युक्ती कागदाची आहे. दर वाढदिवसाला योकचा खाका नव्या कागदावर न काढता त्याच ब्राउन पेपरवर, त्याच घडीच्या रेघेपासून, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं काढा आणि शेजारी वय लिहा. मुंढ्याची एक रेघ दुसरीच्या बाहेर, तिसरी तिच्याही बाहेर अशी सरकत जाते. कापायला खाका हवा असेल तर त्यावरून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या, मूळ कागद कापू नका. हा कागद गुंडाळी करून ठेवा, घडी घातली की घडीवर फाटतो.

डाग काढून, धुऊन, मग पेटीत

ठेवायचा कपडा वरून स्वच्छ दिसला तरी पुन्हा धुवा. दुधाचा आणि मालिशच्या तेलाचा अंश आज दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी पिवळा होऊन वर येतो. दुधाचा डाग थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. तेलाच्या डागावर आधी कोरडं बेसन चोळून झटका, मग साबण. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, घाबरू नका. तो नीट धुऊन ओल्यानंच कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. या कामात आपलं ऊन फुकट आणि पहिल्या नंबरचं. रंगीत कपडा मात्र उलटा करून सावलीतच.

एखादा डाग प्रेमाचा असतो, पहिल्या आमरसाचा वगैरे. तोही धुवाच, किडे तिथंच येतात. आधी त्याचा फोटो काढून वहीत चिकटवण्याऐवजी टाचून ठेवा.

पाण्याचीही काळजी घ्या. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत धुणं बोअरच्या पाण्यावर होतं. क्षाराच्या पाण्यात साबण नीट निघत नाही, तो कापडात बसून पुढं पिवळा पडतो. ठेवायच्या कपड्यांचं शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा. खळ घालू नका, कसरीला ती आवडते.

खण आणि जरीचं धुऊ नका. सावलीत वारा द्या, उलटं करून मलमलमध्ये गुंडाळा. हुक, टिच बटणं, पिना लोखंडी असतील तर काढून घ्या, गंजाचा डाग कापड खातो.

ठेवायला प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. जुनी लोखंडी पेटी चालेल, पण आतून धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर घाला. लाकडी कपाटाच्या फळीवरही कपडा थेट नको. वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबरगोळ्या मी घरात आणत नाही. बाळाच्या कपड्यांत त्या ठेवणं धोक्याचंच आहे, काही बाळांना त्यांच्या वासानंही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास होतो. पेटी पत्र्याखालच्या खोलीत नको आणि न्हाणीघराच्या भिंतीलाही नको. आपल्याकडे सप्टेंबरात चांगला पाऊस होतो, म्हणून दसऱ्यानंतरचं ऊन पडलं की पेटी उघडा, कपडे सावलीत दिवसभर मोकळे करा आणि आधीची घडी बदलून नवी घडी घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड तिथंच तुटतं.

किती ठेवायचं

वर्षाला दोन कपडे. फार वाटलं तर तीन. बाकीचे धाकट्या चुलत-मामेबहिणींना, कामाच्या मावशींच्या नातीला, जिला हवेत तिला द्या. माझं मत कठोर वाटेल, पण भरलेल्या चार पेट्या कुणी उघडून बघत नाही. एक पेटी बघतात. देण्याआधी नावाची पट्टी काढून घ्या आणि वहीतलं पान तसंच राहू द्या.

जे द्यायच्या लायकीचे उरले नाहीत, त्यांची वाकळ करा. सुती कपडे सुतीबरोबरच घ्या. मलमलशेजारी जाड टॉवेल लावला की धुण्यात मलमल फाटते. पाठी आणि घेर यांतून ५ इंचांचे चौकोन कापा, पाव इंच मायेनं जोडा. खाली जुन्या साडीचे दोन-तीन पदर, सगळ्यांत खाली एक अखंड लुगडं. चारी बाजूंनी ताणून जमिनीवर कच्चे टाके घाला, मग मधून कडेकडे धावदोरा. कडेकडून मधे आलात तर मधोमध फुगा येतो. नावाच्या काढलेल्या पट्ट्या मागच्या बाजूला एका ओळीत शिवा.

वाकळीच्या कामाला लेकीला बसवा. सहा-सात वर्षांची झाली की पुरे. तिला मोठ्या नाकाची, बोथट टोकाची सुई द्या, बोटात अंगुस्तान घाला आणि एक कड तिच्या नावावर सोडा. टाके वेडेवाकडे येतील, ते उसवून सरळ करू नका. दोरा तिच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेऊ देऊ नका, गुंता झाला की ती सुई टाकून खेळायला पळते.